पहिल्या आजोबांची शोकपत्रिका

दाबेवोच्या चौकात लिंडनच्या झाडापुढे त्या सकाळी अशी झुंबड उडाली होती की पावाच्या गाडीला वाट मिळेना. गाडी चालवणारी सिरान खिडकीतून डोकं काढून ओरडत होती, "अहो, पाव हवाय का नकोय? नको असेल तर मी आपली पुढच्या गावाला जाते!" एरवी गरम पावासाठी एकमेकींच्या पायावर पाय देणाऱ्या बायकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

झाडावर नवी शोकपत्रिका लागली होती. तसं त्यात नवल काही नाही. गावात कोणी गेलं की झाडावर, दारावर, विजेच्या खांबावर पत्रिका लागते. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, वर्षानं पुन्हा. नवल होतं मजकुराचं. काळ्या चौकटीत फोटोच्या जागी चक्क एक कवटी होती आणि खाली छापलं होतं: "आमच्या कुळाचे पहिले आजोबा आम्हांला सोडून गेले त्यास सात हजार वर्षे पूर्ण झाली. प्रेमळ, कष्टाळू आणि शुद्ध रक्ताचे. शोकाकुल, पाच मूळ घराणी." मग पाच आडनावं. पहिलं राल्चेव.

नेदा राल्चेवा शाळेत जाता जाता थांबली. गावच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. मुलं अवघी अकरा, म्हणून भूगोल आणि कवायतही तीच घ्यायची. तिनं पत्रिका वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि तिला हसू आवरेना.

"प्रेमळ होते हे कवटीवरून कळलं वाटतं?"

"हसतेस काय!" योन्काआजीनं, म्हणजे तिच्या सख्ख्या आजीनं, तिला कोपरानं ढोसलं. आजीनं सणावाराचा रेशमी रुमाल डोक्याला बांधला होता. "तुझ्याच रक्तातले आहेत ते. कागदावर लिहून आलंय. सोनेरी शिक्का आहे त्यावर!"

"आजी, कोकराच्या खाटकाकडेही शिक्का असतो."

"बघ, ही शिकलेली!" आजीनं सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "आणि आता सगळ्यांसमोरच सांगून टाकते. सात हजार वर्षांचं रक्त आपलं. ते काही मी आलेल्यांच्या गल्लीत सांडू देणार नाही. थोमाशी तुझं लग्न होणं नाही!"

नेदाचं हसू जागच्या जागी विरलं. सेंट जॉर्जच्या सणानंतरच्या रविवारी तिचं लग्न होतं. कपडे शिवून झाले होते, वाजंत्री ठरले होते, आणि घरात आजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता हे आजोबा उपटले कुठून, तेही ऐका. फेब्रुवारीत द्राक्षांची छाटणी असते तेव्हा गाव बाटल्या घेऊन मळ्यात जातं, वेलींच्या बुंध्यावर वाइन ओततं आणि उरलेली घशात. त्या दिवशी अस्वलाच्या कपारीजवळ एक वेल मुळासकट उपटून आली आणि तिच्याबरोबर एक कवटी. बाकी हाडंही आत होती. दुसरं कुठलं गाव असतं तर कोणी पोलिसांना कळवलं असतं, कोणी संग्रहालयाला. दाबेवोच्या बायकांनी मात्र त्यांच्या रीतीनं केलं. इथे जुनी कबर उघडली की घरातल्या बायका हाडं लाल वाइननं धुतात, तुळशीच्या जुडीनं पुसतात, पांढऱ्या कापडावर मांडतात आणि कपाळाचं चुंबन घेतात. आपलाच कोणी असेल बिचारा, असं म्हणत योन्काआजीनं आणि आणखी चौघींनी त्या कवटीला न्हाऊमाखू घातलं.

तिसऱ्या दिवशी प्रोफेसर स्वेतोझार गावात हजर! कसले प्रोफेसर, कुठल्या कॉलेजचे, हे सरपंच कुंचोनं विचारलं नाही, कारण प्रोफेसरांनी त्याला पहिल्याच भेटीत "राजबिंडे रक्त" म्हटलं होतं. चंदेरी रंगाची एक पेटी, तिच्यावर निळा दिवा, चालू केली की गुंइंइं आवाज. आणि तोंड तर काय, अखंड वाहणारा नळ.

"रक्त बोलतं, भगिनींनो! मी काहीच करत नाही, मी फक्त ऐकतो. हाडात स्मृती असते, स्मृतीत स्पंदन असतं आणि स्पंदनात तुमचं घराणं असतं! पण रक्त झोपलेलं आहे. त्याला जागं कोणी करायचं? ज्याचं त्यानं! या, पुढे या, कपाळावर ओठ टेका. जरा दाबून टेका, माउली. अस्सं!"

पाचही बायकांनी पुन्हा चुंबन घेतलं. मग प्रोफेसरांनी कापूस गुंडाळलेली एक काडी काढली, कवटीच्या कपाळावर फिरवली, नळीत घातली. प्रत्येकीची थुंकी दुसऱ्या नळ्यांत घेतली. नळ्या राजधानीतल्या एका प्रयोगशाळेत गेल्या. मग गावातल्या आणखीही बऱ्याच घरांनी थुंकी दिली, म्हणजे नुसती थुंकी नव्हे, एकेका कोकराच्या किमतीसकट दिली. पाच आठवड्यांनी कागद आले. पाच घराण्यांचं रक्त आजोबांशी तंतोतंत जुळलं. आलेल्यांच्या गल्लीत एकाचंही जुळलं नाही.

आलेले म्हणजे कोण? थोमाच्या पणजोबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या समुद्रकाठचं गाव सोडलं आणि बैलगाडीत म्हातारी आई, बायको नि मधमाश्यांची एक पेटी घालून ते दाबेवोला आले. त्यांच्यासारखी आणखी सात घरं आली. त्यांची नातवंडं इथे जन्मली, इथल्याच मातीत गेली. तरी गल्लीचं नाव आलेल्यांची गल्ली ते आलेल्यांची गल्लीच.

"अजून आमच्या गाडीची धूळ खाली बसलेली नाही म्हणायची," थोमा म्हणाला. त्या दुपारी नेदा त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांजवळ तोंड पाडून बसली होती. थोमा उंच, शांत आणि थट्टेखोर गडी. पण त्या दिवशी थट्टा करताना त्याचा आवाज जरा चिरकत होता. "चल, पळून जाऊ."

"आजीला सोडून? तिनं वाढवलंय मला, थोमा. रीतीप्रमाणे तिच्या हातचा पाव डोक्यावर मोडून मधात बुडवून भरवल्याशिवाय मी नवरी व्हायची नाही. आणि खोट्यापुढे पळायचं का म्हणून? त्यानं ही करामत केली कशी, ते मी शोधून काढते."

"प्रयोगशाळा खरी आहे, कागद खरा आहे. मग खोटं काय?"

"तेच तर कळत नाही ना!"

धागा सापडला तो दोब्राआजीकडे. दोब्राआजीचं घराणं गावातलं सगळ्यात जुनं. देवळाचा पायाच म्हणे तिच्या खापरपणजोबांनी घातला. पण कागद आला तो 'रक्त जुळत नाही' असा. नेदा तिला भेटायला गेली तेव्हा म्हातारी प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून डोळे पुसत होती.

"तो मेला प्रोफेसर म्हणतो, तुमच्या घरात मध्येच कुठेतरी रक्त बदललं. म्हणजे काय गं? म्हणजे माझ्या पणजीनं शेण खाल्लं म्हणायचं त्याला! वेला माझ्या दारावरून जाताना गालात हसते. साठ वर्षांची मैत्रीण ती माझी!"

"रडू नका आजी. मला एक सांगा, तुम्ही त्या आजोबांना आंघोळ घालायला गेला होतात का?"

"कशी जाणार? त्याच सकाळी तर पाय मोडला. साधं कपाळाचं चुंबनसुद्धा माझ्या नशिबात नव्हतं."

नेदा दाराशी पोचली होती, ती तिथेच थबकली. मनातल्या मनात तिनं शोकपत्रिकेवरची पाच आडनावं म्हटली. मग कवटी धुणाऱ्या पाच बायकांची नावं म्हटली. अहो, यादी एकच होती! आलेल्यांच्या बायकांना त्या दिवशी कोणी बोलावलंच नव्हतं. घरच्या हाडांना परक्यांचा हात कशाला, असं योन्काआजी स्वतःच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी पावाची गाडी आली तेव्हा नेदानं सिरानला गाठलं. सिरान शहरातून यायची, जातीची आर्मेनियन, आणि जिभेला तिच्या कुलूप नव्हतं.

"सिरान, तू कवटीला ओठ लावले होतेस का गं?"

"लावले की! मी पाव द्यायला गेले तर योन्काआजी म्हणाली, आलीच आहेस तर तूही घे आशीर्वाद. प्रोफेसर काडी घेऊन उभाच होता. मला म्हणतो कसा, लवकर आटपा बाई. का? रोग आहे का त्या कवटीला?"

"नाही गं. मला तुझी थोडी थुंकी हवी आहे."

"या गावात सगळ्यांना थुंकीचंच वेड लागलंय! घे बाई, ती तर माझ्याकडे भरपूर आहे."

ईस्टर आला. योन्काआजीनं कोकरू भाजलं, आणि नेदाशी अबोला असूनही सगळ्यात मोठा तुकडा तिच्याच ताटात वाढला. लग्न मोडलं म्हणून काय झालं, पोरगी उपाशी राहून कसं चालेल! स्वतः आजीनं मागच्या पायाची नळी उचलली आणि आतला मगज डोळे मिटून असा काही चोखला की नातीला हसूच आलं. जेवणं झाल्यावर नेदानं चिमट्यानं ती नळी अलगद उचलली. करवतीनं मधोमध दोन तुकडे केले. एक सरपंच कुंचोला बोलावून त्याच्याच दुकानातल्या कागदात गुंडाळला, त्यावर त्याची सही घेतली आणि त्याच्याच कपाटात ठेवायला दिला. "काय आहे यात?" "सेंट जॉर्जच्या सणाला सांगते." दुसरा तुकडा आणि सिरानच्या थुंकीची नळी घेऊन ती प्रोफेसरांकडे गेली. म्हणाली, "एवढं तपासून द्याल का?"

प्रोफेसरांनी हाड कुठलं हेसुद्धा विचारलं नाही. नात वळणावर आली, एवढ्यानंच त्यांचा चेहरा फुलला. थुंकीच्या नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. त्यांनी हाडावरून काडी फिरवली आणि म्हणाले, "स्पंदन जबरदस्त आहे!"

सेंट जॉर्जच्या दिवशी चौकात झोपाळे बांधले होते, दारांवर हिरव्या डहाळ्या होत्या आणि भाजलेल्या कोकरांचा वास सगळ्या गावात भरला होता. प्रोफेसर मंचावर चढले. पेटी गुंइंइं करू लागली. शेजारी पांढऱ्या कापडावर आजोबांची कवटी आणि तिच्या बाजूला ते नवं हाड.

"बंधुभगिनींनो! आजवर आजोबा एकटे होते. आज मी त्यांची सोबतीण शोधली आहे. हे हाड," त्यांनी तुकडा उंच धरला, "पहिल्या आजींचं! कोमल, नाजूक बोट! आणि रक्त? योन्कामाउलींशी तंतोतंत! शिवाय या निनावी नळीचं रक्तही आजोबांशी जुळलं आहे. शुद्ध, मूळ, अस्सल दाबेवोचं! कोणाचं आहे हे रक्त? पुढे या!"

"माझं!" सिरान पावाच्या गाडीच्या टपावरून ओरडली. "आमचे आजोबा समुद्रापलीकडून आले हो! आता तुमच्या झाडावर माझंही आडनाव लावा!"

हशा पिकला. प्रोफेसर गडबडले, पण त्यांची जीभ थांबेल तर शप्पथ. "रक्ताच्या वाटा गूढ असतात..."

"प्रोफेसर, एक शंका आहे," नेदा मंचावर आली. तिचा आवाज वर्गातलाच होता. "मी योन्काआजीची सख्खी नात. माझं रक्त तिच्याशी किती जुळतं?"

"साधारण... चौथा हिस्सा."

"दोन पिढ्यांत चौथा हिस्सा. आणि सात हजार वर्षांनंतर तंतोतंत? म्हणजे मी आजीची दूरची आणि ही कवटी जवळची?" ती सरपंचाकडे वळली. "कुंचोकाका, तुमच्या कपाटातलं पुडकं आणलंत ना? उघडा."

कुंचोनं आपली सही तपासली, कागद उलगडला आणि आतला तुकडा प्रोफेसरांच्या हातातल्या तुकड्याला लावून पाहिला. दोन्ही टोकं बिनफटीची बसली. कुंचो सरपंच नंतरचा, आधी खाटीक. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"अहो महाराज, हे कोकराच्या मागच्या पायाचं हाड आहे! मीच तोडून दिलं होतं, योन्काआजीला!"

मग योन्काआजीचा आवाज आला, बारीक आणि खोल गेलेला. "अगं बाई... ते मी चोखलेलं हाड?"

"हो आजी. तू चोखलंस, म्हणून त्यावर तू सापडलीस. कवटीचं चुंबन पाच जणींनी आणि सिराननं घेतलं, म्हणून कवटीवर तुम्ही सहा जणी सापडलात. दोब्राआजीचा पाय मोडला होता, म्हणून त्या सापडल्या नाहीत. त्यांच्या पणजीचा यात काडीचाही दोष नाही. प्रयोगशाळेनं खोटं सांगितलं नाही. तिच्याकडे तुमचीच थुंकी पाठवली होती, तिनं तुमचीच थुंकी ओळखली. आजोबांना कोणी काही विचारलंच नाही!"

तेवढ्यात सिराननं मंचावर येऊन चंदेरी पेटीचं झाकण उघडलं. आत सहा काचेचे पेले, ओळीनं बसवलेले.

"अय्या! हा तर दही लावायचा डबा! माझ्या आईकडे होता!"

"माझ्याकडे अजून आहे," वेला म्हणाली. "त्याचं दही आंबट होतं."

मग जे हसू फुटलं ते झोपाळ्यांपर्यंत, देवळापर्यंत पोचलं. प्रोफेसर शास्त्र आणि शक्तीच्या संगमाबद्दल काहीतरी पुटपुटले, पण ऐकायला कोणी नव्हतं. कुंचोनं त्यांना कागदावर सही करायला बसवलं, घेतलेलं सगळं परत केल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवू दिला नाही, आणि डबा मात्र शाळेला ठेवून घेतला.

एवढं झालं तरी योन्काआजी राल्चेवा ती! चूक कबूल करणं तिला चुलीतला निखारा हातावर घेण्यासारखं वाटायचं. घरी येऊन ती म्हणाली, "तो लबाड होता, कबूल. पण म्हणून आजोबा आपले नाहीत असं कुठं सिद्ध झालं? खरी तपासणी होऊ दे. मग लग्नाचं बघू."

"आणि खरी तपासणी जे सांगेल ते ऐकशील?"

"राल्चेवा आहे मी. दिल्या शब्दाला जागते."

नेदाची कॉलेजातली मैत्रीण बिल्याना जुन्या हाडांच्या तपासणीच्याच कामात होती. ती आली ती पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, तोंडावर पट्टी, हातात दुहेरी मोजे. "आजी, याला वाइननं धुतलंत?" तिनं कपाळावर हात मारायला नेला आणि मोजे आठवून मध्येच थांबवला.

"चांगली लाल वाइन होती," आजी ताठ्यात म्हणाली. "मग आता याचं खरं रक्त गेलं का धुऊन?"

"वरचं गेलं. पण कानाच्या आत एक हाड असतं, दगडासारखं घट्ट. तिथवर ना वाइन पोचत, ना तुमची पप्पी. आम्ही ते बंद खोलीत, वरचा थर खरवडून, आतून कोरतो. आणि जुनं असेल तर ओळखूही येतं. सात हजार वर्षांत आतल्या डीएनएच्या धाग्याचे बारीक बारीक तुकडे होतात, टोकं झिजतात. काल लागलेल्या थुंकीतला धागा लांबलचक, ताजा असतो. तो आम्ही बाजूला काढतो. तरी तुम्हां सगळ्यांची थुंकी मला द्या, चुकून कोणी आत शिरलंच तर ओळखायला."

"परत थुंकी!" सिरान म्हणाली.

उन्हाळा गेला. थोमानं मध काढला. लग्नाचे कपडे कपाटात राहिले आणि नेदा रोज टपालाची वाट पाहू लागली. द्राक्षं तोडणीला आली तेव्हा बिल्याना स्वतःच कागद घेऊन आली. शाळेच्या एकमेव वर्गात सगळं गाव दाटीवाटीनं बसलं. योन्काआजी पहिल्या बाकावर, शेजारी दोब्राआजी काठी टेकून.

"पुरुष आहे," बिल्यानानं सुरुवात केली. "पत्रिकेत आजोबा लिहिलंत ते बरोबर, आणि सात हजारांचा आकडाही जवळपास लागला. प्रोफेसरांच्या कागदावर नमुना बायकांचा आहे असं छापलेलं होतं. सोनेरी शिक्का त्याच ओळीवर चिकटवला होता."

"आणि रक्त?" आजीला दम निघेना. "इथलंच ना? मूळचं?"

"नाही, आजी. याच्या कुळातली माणसं आशियातून आली. समुद्राच्या त्या अरुंद पट्ट्यापलीकडून, आज तुर्कस्तान आहे तिथून. बियाणं, शेळ्यामेंढ्या, पोरंबाळं घेऊन, पिढ्यान् पिढ्या थोडी थोडी पुढे सरकत. दक्षिणेकडून, समुद्रकाठानं, मग नदीकाठानं वर."

सगळ्यांच्या माना एकदम थोमाकडे वळल्या. दक्षिणेकडून, समुद्रकाठानं, नदीकाठानं वर. त्याच्या पणजोबांची बैलगाडीसुद्धा याच वाटेनं आली होती.

"मग आधी इथे कोण होतं?" दोब्राआजीनं विचारलं.

"जंगलातले शिकारी. तेही कुठून तरी आलेलेच. आणि यांच्यानंतर पूर्वेच्या गवताळ रानातून गुरं हाकत आणखी लोक आले. तुमच्या सगळ्यांत या तिघांचाही अंश आहे. योन्काआजीत आहे, दोब्राआजीत आहे, थोमातही जवळपास तेवढाच आहे. आजोबांचं रक्त एका घराचं नाही. इतक्या वर्षांत ते सगळ्या मुलखाचं झालंय."

योन्काआजीनं कागद हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचला. नेदानं बाकाची कड घट्ट धरली होती.

"म्हणजे," आजी शेवटी म्हणाली, "आजोबापण आलेलेच!"

"हो, आजी."

"आणि गावात त्यांना कोणी थारा दिलाच असेल ना? नाहीतर मी कुठून आले असते?" ती उठली, थोमापुढे गेली आणि त्याच्या दंडाला तिनं असा चिमटा काढला की तो कळवळला. "माझं चुकलं, पोरा. आता तोंडाकडे काय बघतोस? मध आण. रविवारी पाव मी मळणार आहे."

नेदानं आजीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडून घेतलं. "पुरे गं," आजी म्हणाली, "रुमाल रेशमी आहे." पण तिचेही डोळे भरले होते.

मंडळी, असा कोणी तुमच्याही दारी येईल. पेटी वेगळी असेल, दिवा हिरवा असेल, तोंडात शास्त्राचे शब्द खच्चून भरलेले असतील. कागदही खरा असेल, शिक्काही खरा असेल. त्याला हाकलायच्या आधी किंवा त्याच्या पाया पडायच्या आधी एवढंच विचारा: नमुना कुठून घेतलात, त्याला कोणाकोणाचा हात लागला होता, आणि हेच दुसऱ्या कोणी, वेगळ्या हातांनी तपासलं तर हेच निघेल का? खरं शास्त्र या प्रश्नांनी रागावत नाही. बिल्याना तर प्रश्न विचारला की खुर्ची पुढे ओढून बसते.

लग्नाच्या दिवशी लिंडनच्या झाडावर नवी शोकपत्रिका लागली. लग्नाच्या दिवशी कसली शोकपत्रिका, म्हणून वाजंत्रीवाले बिचकले. पण ती योन्काआजीनं स्वतः लिहून छापून आणली होती आणि कोणाची हिंमत होती काढायची! कवटीचं चित्र काढून तिथे तिनं एक बैलगाडी काढायला लावली होती. खाली मजकूर होता:

"आमचे आजोबा दूरदेशाहून आलेल्या कुळातले होते. प्रेमळ होते की नव्हते, ते आम्हांला माहीत नाही. वाटेत त्यांना ज्यांनी भाकरी दिली, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. शोकाकुल: दाबेवोतले सगळे आलेले."